धुरजड सी आणि उशिरा आलेली व्ही-८

बैलगाडीवाल्यांच्या बोलीत दोन नेमके शब्द आहेत. माल पुढे जास्त भरला आणि भार बैलांच्या मानेवर आला की गाडी धुरजड. मागे जास्त भरला आणि दांडी वर उचलायला लागली की उलाळ. मोटारींच्या गप्पांत हे शब्द आता ऐकू येत नाहीत. पण १९६७ साली इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावात बनलेल्या एका गाडीचं वर्णन करायला मला धुरजडपेक्षा चांगला शब्द सापडलेला नाही. ती गाडी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, एमजीसी. सहा वर्षांनी त्याच कारखान्याने त्याच सांगाड्यात दुसरं मोठं, व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन बसवलं आणि एमजीबी जीटी व्ही-८ विकायला काढली.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांमध्ये या जोडीचा निकाल कधीच लागलाय: एमजीसी ही चूक, व्ही-८ ही त्या चुकीची दुरुस्ती. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. मग एकदा विक्रीचे आकडे शेजारी ठेवले. सी दोन वर्षांत नऊ हजारांच्या आसपास गेल्या. व्ही-८ जेमतेम चार वर्षांत २,५९१. फसलेल्या गाडीने ‘बरोबर’ गाडीला तिप्पट मागे टाकलं होतं. म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडून बघावंसं वाटलं.

आज आपल्याकडे एमजी म्हटलं की गुजरातेत हलोलला बनणारी हेक्टर आठवते. ते नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचं आहे आणि या गोष्टीशी त्याचा तेवढाच संबंध. आपल्याला जवळचा धागा वेगळाच आहे. सी आणि व्ही-८ ज्या गाडीतून निघाल्या त्या एमजीबीचं चार सिलिंडरचं इंजिन ‘बी सिरीज’ घराण्यातलं, आणि आपल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. ॲम्बॅसिडरचं बॉनेट उघडून ज्याने कधी व्हॉल्व्हची फट जुळवलीय, त्याला एमजीबीसमोर परकं वाटणार नाही. १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती. ओतीव लोखंडाचं, दणकट, फारसे नखरे न करणारं यंत्र.

एमजीबी १९६२ साली आली. आधीच्या एमजीएला वेगळी चेसिस होती. बीमध्ये पत्र्याचं शरीर हीच चेसिस झाली. १९६५ मध्ये मागे काचेचं दार असलेली, छप्परवाली जीटी आली, तिच्या रेषांवर इटलीच्या पिनिनफारिनाचा हात फिरला होता. सगळ्या प्रकारच्या मिळून बी पाच लाखांहून अधिक बनल्या. रस्त्यावर गाडी उत्तम बसायची, पण पिकअप बेताचा. तेव्हा मोठं इंजिन घालायचा विचार ॲबिंग्डनमध्ये पहिल्यापासून घोळत असणार यात नवल नाही. कारखान्याचे प्रमुख जॉन थॉर्नली आणि मुख्य अभियंते सिड एनेव्हर ही दोघंही जन्म एमजीत घालवलेली माणसं. प्रश्न इच्छेचा नव्हता. इंजिन कुठून आणायचं, हा होता.

इथे ॲबिंग्डन म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं, कारण प्रकरणाची गाठ तिथेच आहे. हा कारखाना इंजिनं बनवत नव्हता. शरीरं बाहेरून यायची, इंजिनं मालक कंपनीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी), दुसऱ्या विभागांतून यायची, आणि ॲबिंग्डनमध्ये जुळणी व्हायची. रचनाकार मंडळी हुशार होती, पण कोठारात जे असेल त्यातूनच त्यांना स्वयंपाक करायचा होता.

साठच्या दशकाच्या मध्यावर बीएमसीला दुसरीच घाई होती. ऑस्टिन-हीली ३००० ही त्यांची मोठी स्पोर्ट्स कार म्हातारी झाली होती आणि अमेरिकेचे सुरक्षेचे नवे नियम १९६८ पासून लागू होणार होते. तिची जागा भरायला स्वस्तातला मार्ग काढला गेला. एमजीबीच्याच शरीरात सहा सिलिंडरचं मोठं इंजिन बसवायचं आणि ती गाडी एमजी व हीली अशा दोन नावांनी विकायची. डोनाल्ड हीली यांनी गाडी बघितली आणि आपलं नाव द्यायला नकार दिला. राहिली एकटी एमजीसी.

इंजिन होतं २९१२ सीसीचं. हीलीच्याच इंजिनाचा आकार, पण नव्याने आखलेला, कारण तेच इंजिन ऑस्टिनच्या तीन लिटरच्या बड्या सलून गाडीतही जायचं होतं. क्रँकशाफ्टला आधी चार बेअरिंगं होती, आता सात झाली. चालायला गुळगुळीत. नवं इंजिन जुन्यापेक्षा आखूड आणि बरंच हलकं असेल, असा ॲबिंग्डनला शब्द मिळाला होता. आखूड झालं, हलकं मात्र नावापुरतंच झालं. एमजीबीच्या चार सिलिंडर इंजिनापेक्षा ते २०९ पौंडांनी, म्हणजे ९५ किलोंनी जड निघालं. पुढच्या चाकांवर एक धडधाकट माणूस कायमचा बसवून ठेवावा, तसं.

शिवाय ते लांब आणि उंच. बीच्या पुढच्या सस्पेन्शनची आडवी तुळई इंजिनाच्या आड येत होती, म्हणून ती काढली आणि कॉइल स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या दिल्या, त्यांची मागची टोकं पार माणसांच्या बैठकीखाली नेऊन अडकवली. चाकं १४ इंचांची होती ती १५ इंचांची केली. बॉनेट बंद होईना, म्हणून त्यावर रुंद फुगवटा काढला, आणि तरीही पुढचा कार्ब्युरेटर टेकतो म्हणून फुगवट्याच्या बाजूला थेंबासारखा छोटा टेंगूळ. मला तो टेंगूळ फार आवडतो. अख्ख्या गाडीची कहाणी त्यात आहे. जड पुढचा भाग वळवायला स्टिअरिंग कठीण जाऊ नये म्हणून त्याचं गुणोत्तर बदललं, परिणामी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीपेक्षा जास्त फेरे मारावे लागायचे.

ऑक्टोबर १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी मांडली गेली. १४५ अश्वशक्ती, ताशी १२० मैल. कागदावर वाईट काय? पण मोटार नियतकालिकांच्या पत्रकारांनी ती चालवली आणि सोलून काढली. एकूण वजनापैकी जवळपास ५६ टक्के पुढच्या चाकांवर. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की नाक आधी सरळ जायला बघायचं आणि मग नाइलाजाने वळायचं. ज्यांच्या हातांना बीची सवय होती त्यांना तर हा विश्वासघातच वाटला. दुसरी तक्रार इंजिनाची: ओढतं मजबूत, पण फिरायला सुस्त. पायाखाली दाबलं की वर चढायला वेळ घेतं.

एमजीच्या वर्तुळात एक कथा आजही सांगितली जाते. पत्रकारांना दिलेल्या गाड्यांच्या पुढच्या टायरांमध्ये पुरेशी हवाच नव्हती, म्हणून गाडी जास्त बदनाम झाली. असेलही. पुढे वजन वाढल्यावर तिथली हवा वाढवावी लागते हे मालट्रकचा क्लीनरही सांगेल, आणि टायरची हवा नीट केलेली सी खरंच सुधारते. पण हवेने ९५ किलो नाहीसे होत नाहीत.

मग गाडी मुळातच टाकाऊ होती का? मार्च १९६८ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस यांनी रुंद मडगार्डांची, हलक्या ॲल्युमिनियम पत्र्यांची एमजीसी जीटीएस पळवली आणि एकूण क्रमवारीत दहावा क्रमांक आणला. म्हणजे सांगाड्यात दम होता. त्याच वर्षी तरुण प्रिन्स चार्ल्स यांनी एक एमजीसी जीटी घेतली, ती पुढे विल्यम यांच्याकडे गेली. राजवाड्याने निवड केली म्हणून गाडी चांगली ठरत नाही, हे मान्य. तरी ज्या कामासाठी ती गाडी खरी होती ते या खरेदीतून कळतं: लांबचा सरळ रस्ता, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा जादा गिअर) लावलेला, इंजिन गुणगुणतंय, सामान मागे. घाटात नाचायची अपेक्षा तिच्याकडून करायचीच नाही. कंपनीने तिला ‘जास्त ताकदीची बी’ म्हणून विकलं, आणि घात तिथे झाला. १९६९ मध्ये उत्पादन थांबलं. शेवटच्या शिल्लक गाड्या लंडनच्या युनिव्हर्सिटी मोटर्स या विक्रेत्याने उचलल्या आणि त्यातल्या काही नटवून विकल्या.

आता दुसऱ्या इंजिनाकडे. त्याची वंशावळ ॲबिंग्डनपासून फार लांब सुरू होते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६१ साली ब्यूकसाठी साडेतीन लिटरचं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन काढलं. ओतकाम महाग पडलं, तोवर लोखंडाचं पातळ ओतकाम जमायला लागलं, आणि दोन-तीन वर्षांत त्यांनी ते सोडून दिलं. रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेले होते. तिथे कार्यशाळेत बोटीसाठी आणून ठेवलेलं हे इंजिन त्यांच्या नजरेस पडलं. त्यांनी चौकशी केली, आणि १९६५ मध्ये रोव्हरला ते बनवण्याचा परवाना मिळाला. अमेरिकेने भंगारात काढलेलं इंजिन पुढे ब्रिटनमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. १९६७ मध्ये ते रोव्हरच्या बड्या सलूनमध्ये बसलं, १९७० मध्ये रेंज रोव्हरमध्ये.

आता तारखा जुळवा. सीची आखणी चालू होती तेव्हा रोव्हर ही बीएमसीची प्रतिस्पर्धी कंपनी होती. १९६७ च्या सुरुवातीला ती लेलँडच्या ताब्यात गेली, म्हणजे दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याच्या. बीएमसी आणि लेलँड १९६८ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड झाली, तोवर सी बाजारात येऊन काही महिने झाले होते. ‘एनेव्हर यांनी हलकं व्ही-८ का नाही घातलं’ असा प्रश्न आज सहज विचारला जातो. उत्तर साधं आहे: ते शेजाऱ्याच्या घरात होतं.

१९६८ नंतर घर एक झालं, पण चुली वेगळ्याच राहिल्या. एमजी ऑस्टिन-मॉरिसच्या गटात, तर रोव्हर आणि ट्रायम्फ वेगळ्या गटात. ट्रायम्फने तर १९७० मध्ये स्टॅग नावाच्या गाडीसाठी स्वतःचं वेगळं तीन लिटरचं व्ही-८ बनवलं आणि तापण्याच्या तक्रारींनी ते पुढे गाजलं. एकाच कंपनीत दोन व्ही-८, आणि दोन्हींपैकी एकही एमजीला नाही.

गाडी हलली ती बाहेरून. केन कॉस्टेलो नावाचे एक शर्यतपटू, मिनी चालवण्यात नाव कमावलेले. त्यांनी केंटमधल्या आपल्या छोट्या गॅरेजात एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ बसवलं आणि १९७० च्या सुमारास अशा गाड्या विकायला सुरुवात केली. ॲल्युमिनियममुळे हे आठ सिलिंडरचं यंत्र वजनात बीच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच भरायचं. त्यामुळे पुढचं सस्पेन्शन बदलायची गरज नाही, तुळई कापायची गरज नाही. गाडीचा तोल जवळपास होता तिथेच राहिला. वर्तमानपत्रांत कौतुक झालं, आणि मग लेलँडच्या वरिष्ठांनी कॉस्टेलो यांची गाडी मागवून बघितली. एका गॅरेजवाल्याने हे करून दाखवलंय तर आपण का नाही, अशी जाग तिथे आली. ॲबिंग्डनला नमुना बनवायला सांगितलं गेलं.

कारखान्याने केलेलं काम मात्र कॉस्टेलोंपेक्षा नेटकं होतं, हे मान्य करायला हवं. कॉस्टेलोंच्या गाडीत कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर होते, म्हणून बॉनेटला फुगवटा. ॲबिंग्डनने खास मॅनिफोल्ड करून दोन्ही एसयू इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलजवळ नेले. बॉनेट सपाट राहिलं. रेडिएटर पुढे सरकवून त्याच्यासमोर दोन विजेचे पंखे लावले. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यांना एग्झॉस्टसाठी खोलगट आकार दिला. गिअरबॉक्स जवळपास सीचाच. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा तो छोट्या बिल्ल्यांवरून आणि मिश्रधातूच्या चाकांवरून.

इंजिन रेंज रोव्हरच्या हलक्या कॉम्प्रेशनचं घेतलं, त्यामुळे ३५२८ सीसी असूनही १३७ अश्वशक्ती. सीपेक्षा आठ कमी! नुसता हा आकडा बघून गाडी घेणारा फसेल. खरी गोष्ट टॉर्कची, म्हणजे चाकं फिरवायच्या ओढीची: व्ही-८ चा १९३ पौंड-फूट आणि तोही २९०० फेऱ्यांवर, सीचा १७० पौंड-फूट ३४०० फेऱ्यांवर. शिवाय दोन्ही जीटी घेतल्या तर व्ही-८ सुमारे १०० किलोंनी हलकी. चौथ्या गिअरमध्ये शहरातून बाहेर पडावं आणि ताशी १२० मैलांच्या पुढे जाईपर्यंत गिअरच्या दांडीला हात लावू नये, अशी ती गाडी. आणि गंमत बघा, ॲव्हरेजही तिचंच चांगलं. गॅलनमागे साधारण २३ मैल, सीचं १८ च्या आसपास. पुढे जड वस्तू ढकलत नेण्यासाठी पेट्रोल लागतंच.

म्हणजे तंत्रात सगळं बरोबर. मग २,५९१ वर गाडी का अडकली?

ऑगस्ट १९७३ मध्ये ती बाजारात आली. ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं, तेलाचे भाव भडकले. डिसेंबरात ब्रिटनमध्ये ताशी ५० मैलांची वेगमर्यादा आली आणि जानेवारीपासून विजेअभावी कारखाने आठवड्यातले तीनच दिवस चालू लागले. ‘व्ही-८’ ही दोन अक्षरं त्या हिवाळ्यात बिल्ल्यावर मिरवणं म्हणजे दुष्काळात शेजाऱ्यासमोर अंगणात सडा टाकण्यासारखं होतं. किंमत २,२९४ पौंड, आणि तीन लिटरची फोर्ड काप्री त्याहून शेकडो पौंडांनी स्वस्त, शिवाय दिसायला नवी. अकरा वर्षं जुन्या शरीराला तेवढे पैसे मोजायला लोक कचरले.

पण माझ्या मते तेलापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. व्ही-८ अमेरिकेत विकलीच गेली नाही. एमजीचं अर्ध्याहून अधिक आयुष्य अमेरिकी गिऱ्हाइकावर चाललं होतं, आणि सीच्या नऊ हजारांतल्या बऱ्याच गाड्या समुद्रापलीकडेच गेल्या होत्या. व्ही-८ साठी डाव्या स्टिअरिंगचे थोडे नमुने बनले, पण विक्रीला आल्या त्या सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, आणि त्याही फक्त जीटी; उघडी गाडी नाहीच. धुराच्या नियमांचा खर्च, इंजिनांचा तुटवडा, ट्रायम्फच्या गाड्यांशी घरातली स्पर्धा अशी कारणं दिली जातात. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात पटतं. सी वाईट असूनही मोठ्या बाजारात उभी होती. व्ही-८ चांगली असून एका बेटावर अडकली. १९७६ मध्ये ती बंद झाली.

सांगाडा चांगला आणि इंजिन चुकीचं, हा प्रकार आपल्या देशातही घडलाय, आणि योगायोगाने याच इंजिनाच्या नात्यात. रोव्हर एसडी१ ही गाडी १९७६ साली आली ती या साडेतीन लिटरच्या व्ही-८ भोवतीच. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये तिचं शरीर भारतात आणलं, ‘स्टँडर्ड २०००’ या नावाने, पण आत बसवलं जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं इंजिन. दिसायला राजेशाही, आतून थकलेली. तीन-चार वर्षांत गाशा गुंडाळला. ॲबिंग्डनच्या लोकांना ती गोष्ट ऐकून बरं वाटलं असतं, पण तोवर त्यांचा कारखाना बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

आता, समजा ब्रिटनमध्ये राहणारं कुणी या दोन्हींपैकी एक घ्यायला निघालंय. दोघींचा गंज एकाच जागी: दाराखालचे पेटीसारखे आडवे भाग, वरून चकचकीत आणि आतून पोकळ. तिथे लोहचुंबक फिरवल्याशिवाय किंमत बोलूच नये. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना नियमाने ग्रीस लागतं, हे विसरलेल्या मालकाची गाडी स्टिअरिंगवर कळते. सीच्या बाबतीत टॉर्शन बारमुळे पुढची उंची दोन्ही बाजूंना सारखी आहे ना ते बघावं. आजचे रेडियल टायर, जाड अँटीरोल बार आणि योग्य हवा एवढ्यावर सीची वळणावरची खोड बरीच जाते. काहीजण विजेचं पॉवर स्टिअरिंगही बसवतात. व्ही-८ च्या बाबतीत धोका वेगळा आहे. बीत नंतर व्ही-८ बसवलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, आणि त्या चालायला कारखान्यातल्या गाडीपेक्षा चांगल्याही असू शकतात, पण दाम कारखान्याच्या गाडीचे मागितले तर चेसिस नंबर ‘जीडी२डी१’ने सुरू होतो का ते तपासावं. मला विचाराल तर मी सी घेईन. लंडनहून स्कॉटलंडला जायचं असेल तर सहा सिलिंडरच्या त्या आवाजाला तोड नाही, आणि बदनाम गाडी जरा स्वस्त मिळते.

एक गोष्ट मात्र व्ही-८ बद्दल मनात राहते. १९७४ च्या शेवटापासून सगळ्या बींना अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर लागले. तेव्हा दोन प्रकारचे सांगाडे बनवत बसण्यापेक्षा कारखान्याने व्ही-८ चेच आतले पत्रे सगळ्यांना देऊन टाकले. व्ही-८ गेली, तरी ते पत्रे ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनला टाळं लागेपर्यंत तसेच राहिले. म्हणून शेवटच्या काळातल्या एखाद्या साध्या बीचं बॉनेट आज उघडलं, तर मधोमध चार सिलिंडरचं ते ओळखीचं लोखंडी इंजिन बसलेलं दिसतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ सिलिंडरांच्या एग्झॉस्टसाठी खोलगट करून ठेवलेली जागा, रिकामी.